उत्तमच्या नावाची लापशी

भुरीबाई ढाणकीच्या बाजारात शिरली की गुळाचे दुकानदार एकमेकांकडे बघायचे. ही बाई तीन दुकानांतला गूळ चाखणार, तिन्हीकडे नाक मुरडणार आणि शेवटी पहिल्याच दुकानातून घेणार, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. ते पहिलं दुकान देवीलालचं. तूप घ्यायचं असलं तर ती थोडं मनगटावर चोळायची, वास घ्यायची, पुन्हा चोळायची. देवीलाल वैतागून विचारायचा, "भुरीबाई, तूप खायाले नेतं का अंगाले लावाले?"

"तुह्या तुपानं खाज सुटते का थे पाहून राह्यली," ती म्हणायची, आणि दुकानातली चार माणसं खो खो हसायची.

फुलसिंग नाईकाचा तांडा ढाणकीपासून दोनेक कोसांवर. तांड्यातल्या बायकांचा अर्धा बाजार भुरीबाईच करायची. कुणाला काचळीवर म्हणजे चोळीवर लावायला आरसे, कुणाला कवड्या, कुणाला सुई-दोरा. सांगितलेली एकही वस्तू ती विसरत नसे, पण बदलत मात्र असे. हिरवा दोरा सांगावा तर लाल घेऊन यायची आणि वर म्हणायची, "तुले लालच शोभते." बाई बिचारी लाल दोरा घेऊन घरी जायची. भांडून उपयोग नाही हे तिलाही कळत असे.

मोटारीची तर तिला भीतीच नव्हती. पुसदची एसटी ढाणकीला यायला लागली तेव्हा तांड्यातले मोठाले मिशीवाले गडी डोळे मिटून, समोरचा दांडा घट्ट धरून बसायचे. भुरीबाई ड्रायव्हरच्या मागची जागा धरायची आणि वळण आलं की त्याला आधी सांगायची. एकदा तिनं ओढणीखाली कोंबडी लपवून नेली. कंडक्टरनं आवाज ऐकून तिकीट मागितलं, तेवढ्यात कोंबडीनं तिच्या मांडीवर अंडं घातलं. भुरीबाईनं ते गरम अंडं कंडक्टरच्या हातावर ठेवलं. "घे, हेच तिचं तिकीट." पुढे कितीतरी दिवस तो कंडक्टर तिला बघितलं की आधी ओढणीकडे बघायचा.

अशी ही बाई. तिला रडताना तांड्यानं पाहिलं नव्हतं.

घरात नवरा भावसिंग, स्वभावानं गरीब, पायात नारू होऊन गेल्यापासून लंगडत चालणारा. मुली लग्न होऊन गेलेल्या. आणि शेंडेफळ उत्तमसिंग. त्याच्या नावाची एक गोष्ट होती. भावसिंगचा धाकटा भाऊ उत्तमसिंग ऐन जवानीत साप चावून गेला आणि त्यानंतर लगेच हा मुलगा झाला. भाऊच परत आला असं मानून भावसिंगनं मुलाला तेच नाव दिलं.

त्या नावाची आठवण घरात दरवर्षी एका दिवशी निघायची. दिवाळीच्या पाडव्याला तांड्यात पितरांना जेवू घालतात. धबुकार म्हणतात त्याला. चुलीतले रसरशीत निखारे काढायचे, घरच्या कर्त्या पुरुषानं घरातल्या एकेका मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं लापशी आणि तूप निखाऱ्यावर सोडायचं. तूप भडकलं की त्यानं घास घेतला. ज्याचं नाव घ्यायचं राहिलं तो वर्षभर उपाशी. म्हणून कुणाचं नाव चुकू देत नाहीत.

भावसिंग आजोबाचं नाव घ्यायचा, बापाचं घ्यायचा, मग म्हणायचा, "उत्तम." शेजारी बसलेला छोटा उत्तम लगेच ओरडायचा, "मी तं अठीच हाव! माहा घास मले द्या!" तेव्हा भुरीबाई गरम लापशीचा घास फुंकून त्याच्या तोंडात घालायची. एका उत्तमचा घास निखाऱ्यावर, दुसऱ्याचा तोंडात, म्हणजे वर कुणाचा गोंधळ व्हायला नको. पोरगा अधाशासारखा गिळायचा आणि ती म्हणायची, "हळू खाय. लापशी काही पळून नाही चालली." मिसरूड फुटल्यावरही पाडव्याला तो आईपुढे तोंड उघडून बसायचा. घराची ती रीतच होऊन गेली.

मग उत्तम राजुरला गेला, कोळशाच्या खाणीत. दिग्रसकडच्या तांड्यातला हिरासिंग नावाचा जवान तिथे कामाला होता, त्यानं याला नेलं. भावसिंगला ते पटलं नव्हतं. त्याचा बाप बैलांवर मीठ लादून वणीपर्यंत जायचा, पण जमिनीच्या वरून. पोरगा जमिनीच्या खाली जाणार हे त्याला कसंसंच वाटलं. भुरीबाईनं मात्र हौसेनं शिदोरी बांधून दिली. आपल्यासारखाच फिरस्ता निघाला म्हणून ती मनातून खूशही होती.

पहिल्या दोन दिवाळ्यांना तो आला. एकदा आईसाठी वणीच्या बाजारातून जर्मनचा झाकणाचा डबा घेऊन आला. भुरीबाईनं डबा उलटा करून ठोकून पाहिला, झाकण चारदा लावलं, काढलं. "लुटलं तुले दुकानदारानं," ती म्हणाली, आणि मग तो डबा तांडाभर दाखवून आली.

तिसऱ्या दिवाळीला तो आला नाही. काळी अमावस्या गेली, पाडव्याची सकाळ उजाडली, वाट रिकामीच. भावसिंगनं निखारे काढले. आजोबाचा घास झाला, बापाचा झाला. त्यानं तिसरा घास उचलला तशी भुरीबाईनं त्याचा हात धरला.

"हे नाव नोका घेऊ."

"काहून?"

"पोरगा अठी नाही. त्याच्या तोंडात घास कोन घालंन? नाव एकलं विस्तवात जाईन. मले नाही चालत."

"अवं, पन थो माहा भाऊ हाये. त्याचा वाटा हाये तो. उपाशी राहीन ना व थो वर्सभर."

"राहू द्या. मेलेल्याले एक वर्साचा उपास कायचा? माहा जिता हाये."

भावसिंगला भाऊ डोळ्यांपुढे दिसत होता, पण बायकोनं हात सोडला नाही. त्यानं घास परत भांड्यात ठेवला. त्या वर्षी उत्तमचं नाव निघालं नाही.

लापशी झाकून तिनं एक दिवस वाट पाहिली, मग उठली. भावसिंगच्यानं एवढं चालवणार नव्हतं, तेव्हा एकटीच निघायचं ठरलं. ज्वारीच्या बाट्या भाजल्या, तिळाची चटणी कुटली, आणि देवीलालच्या तुपात चुरम्याचे लाडू वळून जर्मनच्या डब्यात दाबून भरले. पुसदला मोटार बदलायची होती, मधे वेळ होता. वेळ मिळाला आणि भुरीबाईनं बाजार केला नाही असं कसं होईल? तिनं लोकरीची कानटोपी पाहिली. उत्तमच्या डोक्याचं माप कसं काढायचं? तिनं दुकानदारालाच ती घालायला लावली, त्याला मागे फिरवलं, पुढे फिरवलं. "माह्या पोराचं डोस्कं तुह्यापेक्षा मोठं हाये," म्हणाली आणि मोठी टोपी काढायला लावली. दुकानदारही हसला.

दिग्रस, दारव्हा, यवतमाळ. यवतमाळच्या मोटारस्टँडवर ती बाकड्याखाली गाठोडं ठेवून निजली. पांढरकवड्याकडून वणीच्या मोटारीत एका नोकरदार बाईचं मूल भुकेनं किरकिरत होतं. हिनं डबा उघडून त्याला लाडू दिला. त्या बाईनं विचारलं, कुणाकडे चाललात? "पोराकडे," भुरीबाई म्हणाली. "खाणीत हाये. दिवाळीले आला नाही, कान पकडून आनतो आता." सगळ्या मोटारीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ती बोलली. मोठ्यानं बोललेलं खरं ठरतं अशी तिची जुनी समजूत होती.

वणीहून राजुरला एका बैलगाडीवाल्यानं तिला बसवून घेतलं. तिथली जमीन काळी, झाडांची पानं काळी, वाळत घातलेली धोतरंही काळपट. मजुरांच्या खोल्यांपाशी हिरासिंग नळावर पाणी भरत होता. आरशांची काचळी आणि हातभर बलियांच्या बांगड्या घातलेली बाई दुरून येताना दिसली, तेव्हाच त्यानं ओळखलं. बादली भरून वाहायला लागली तरी तो तसाच उभा.

"उत्तम कोठी हाये?" तिनं विचारलं.

हिरासिंगनं नळ बंद केला. "काकी," म्हणाला आणि मग एका दमात बोलून गेला. ताप आला होता. दोन दिवसांत डोक्यात चढला. गाडीत घालून वणीला नेलं, पण वाटेतच संपलं. लग्न झालेलं नव्हतं म्हणून रीतीप्रमाणे नाल्याकाठी माती दिली. "मी सांगाले निंगालो होतो, काकी. दोनदा दिग्रसपर्यंत आलतो. पुढं पाय नाही उचलला. तुले काय तोंड दाखवू?"

भुरीबाई रडली नाही. तिनं एकच विचारलं, "कधी?"

"पोळा झाल्यावर."

पोळा. म्हणजे दिवाळीच्या कितीतरी आधी. ती मनाशी काहीतरी जुळवत राहिली, आणि मग तिनं दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. बलिया एकमेकींवर आपटल्या. खोल्यांमधून माणसं बाहेर आली.

"दोघंही उपाशी राह्यले रे," ती म्हणाली. "पाडव्याले थो आला असंन. काकाच्या बाजूले बसला असंन तोंड उघडून. अन् म्या नाव घेऊ नाही देल्लं. माह्या हातानं उपाशी धाडलं म्या त्याले."

हिरासिंग तिला नाल्याकाठी घेऊन गेला. तो म्हणाला, इथंच ठेव काकी लाडू. तिनं मान हलवली. असं कुठंही ठेवून पोचत नाही. आपल्या चुलीचा निखारा पाहिजे, घरच्या कर्त्याचा हात पाहिजे आणि दिवस पाडव्याचा पाहिजे. आणि पाडवा तर आता पुढच्या वर्षाला.

ती परत खोलीवर आली आणि डब्यातले लाडू त्या मजुरांना वाटले. कुणाचा हात पुढे येईना. "खा," तिनं दरडावलं, आणि डबा रिकामा होईपर्यंत समोर बसून राहिली. निघताना कानटोपी हिरासिंगपुढे धरली. तो घेईना तेव्हा तिनंच ती त्याच्या डोक्यात ओढून बसवली. टोपी सैल होती, भुवयांवर आली.

"थंडी हाये. घाल," ती म्हणाली.

तांड्यावर आल्यावर तिनं भावसिंगला सगळं सांगितलं. तो खूप रडला, लहान मुलासारखा. पण "तूच माझा हात धरला होतास" हे त्यानं एकदाही म्हटलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. म्हटलं असतं तर ती भांडली असती, निदान मोकळी तरी झाली असती. त्या न बोललेल्या शब्दानं तिला वर्षभर कुरतडून खाल्लं.

वर्षभर तिनं गोडाला हात लावला नाही. बाजाराला जायची, पण गूळ चाखायची नाही. देवीलाल बांधून देईल तो मुकाट्यानं घ्यायची. हिरवा दोरा सांगितला तर हिरवाच आणायची. मोटारीत मागच्या बाकावर बसायची. कंडक्टरनं एकदा हसत ओढणीकडे पाहिलं, तर तिला काही कळलंच नाही. आपल्याला जेवण जात असताना पोरगा कुठंतरी रिकाम्या पोटी बसला आहे, हे एका आईनं बारा महिने कसं सोसावं?

पुढची दिवाळी जवळ आली. भुरीबाई ढाणकीला गेली आणि त्या दिवशी तिनं तिन्ही दुकानांतला गूळ चाखला. तिन्हीकडे नाक मुरडलं. मग देवीलालकडे येऊन तूप मनगटावर चोळलं, वास घेतला, पुन्हा चोळलं. "दुसरं काढ," म्हणाली. दुसरंही पसंत पडेना. आतल्या डब्यातलं तिसरं काढलं तेव्हा कुठे तिनं मान डोलावली. देवीलालला बरं वाटलं, बाई पुन्हा माणसात आली. त्यानं सहज विचारलं, "कोन येनार हाये व दिवाळीले?"

"पोरगा," ती म्हणाली. "एक दिवाळीचा उपाशी हाये."

देवीलालला आठवलं. त्यानं मान खाली घातली आणि जर्मनचा डबा काठोकाठ भरून दिला.

पाडव्याच्या सकाळी भावसिंगनं निखारे काढले. आजोबाचा घास झाला. बापाचा झाला. "उत्तम," तो म्हणाला. भावाच्या वाट्याचं तूप भडकलं. मग त्यानं पुढचा घास उचलला आणि तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. हात तसाच निखाऱ्यावर राहिला, बोटं चटकायला लागली.

"आनखी एक डाव म्हना," भुरीबाई हळूच म्हणाली.

त्यानं नुसती मान हलवली. बाईमाणसानं नाव घ्यायची रीत नाही, पण भावसिंगनं स्वतःच तो घास तिच्या हातात दिला. ती शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळली, सवयीनं. घासावर फुंकर घातली. मग निखाऱ्याकडे तोंड करून तिनं मोठ्यानं हाक मारली, "उत्तम!"

तूप चांगलं होतं. लगेच भडकलं.

"खाय," भुरीबाई म्हणाली. "हळू खाय."