निळ्या रंगाखालचं लाकूड

बारा वर्षांपूर्वीचा, दसऱ्याच्या आधीचा रविवार, दुपारचे तीन. ठिकाण इंझोरी. रक्कम पंधराशे रुपये रोख. हजर तिघं: शांताबाई, त्यांचे दीर नामदेवराव आणि मी. एवढं मी कुणालाही सांगितलं असतं. त्यापुढचं मात्र बायकोलाही कधी सांगितलं नाही.

मी कारंज्याला गणित शिकवतो. कॉलेजात असताना अमरावतीला व्हायोलिन शिकलो. गुरुजी वाद्यं दुरुस्तही करायचे, त्यामुळे व्हायोलिनची किंमत कशावर ठरते ते मला कळतं. आतल्या चिठ्ठीवर ठरत नाही, चिठ्ठी कोणीही चिकटवतो. पुढची पाटी स्प्रूस लाकडाची, तिच्या रेघा सरळ आणि दाट हव्यात. मागची मेपलची, उजेडात फिरवली की अंगावरचे पट्टे हलल्यासारखे दिसतात. कडेची काळी रेघ लाकडात बसवलेली हवी; स्वस्त मालात ती नुसती शाईने ओढतात. आणि मग आवाज. बघा, किती सरळ सांगता येतं मला! त्या दिवशी का नाही सांगता आलं?

शांताबाईंचे मालक किसनराव भीमगीतांच्या पार्टीत व्हायोलिन वाजवायचे. ते जाऊन वर्ष झालं होतं; व्हायोलिन विकायचं म्हणून मला बोलावलं होतं. पार्टीची रीत अशी, की दरवर्षी जयंतीच्या आधी ढोलकी, पेटी, व्हायोलिन, सगळ्याला निळा ऑइलपेंट. थरावर थर. माझ्यापुढे आलेलं व्हायोलिन खिडकीच्या चौकटीसारखं दिसत होतं.

"वहिनी, याच्या पेटीत कोंबडी बसवा," नामदेवराव म्हणाले. "अंडे तरी भेटतीन."

शांताबाई हसल्या नाहीत. "मास्तर, खरं सांगा. यायनं दोन बकऱ्या इकून हे अकोल्याहून आनलं. म्हने, लय भारी माल हाय. मी जल्मभर भांडली याच्यापाई. हाय का भारी?"

हनुवटी टेकून टेकून एका जागी रंग उडाला होता. तिथे रेघा दिसल्या — सरळ, दाट. मागे मानेपाशी पट्टे. कडेवर नख फिरवलं; रेघ बसवलेली होती. एका बाजूला फट होती खरी, पण लाकूड फुटलं नव्हतं, सरस सुटला होता. हे सगळं मी पाहिलं. आणि म्हणालो, "फुटलंय हे. लाकूडही हलकं. किसनरावांना फसवलं कोणीतरी."

"पाहा भाऊजी, मी म्हनतच होती," त्या म्हणाल्या. "साधा मानूस. कोनीबी टोपी घालावी."

मी पंधराशे ठेवले. उपकार केल्यासारखा चेहरा करून ठेवले — हेही लिहितो.

गुरुजींनी रंग उतरवला, फट चिकटवली. तीन हजार लागले. महिन्याभरात पुण्याच्या एका वादकाने ते बेचाळीस हजारांना नेलं.

तुम्ही म्हणाल, घासाघीस सगळेच करतात. मी घासाघीस केलीच नाही, खोटं बोललो. गरज होती का? नव्हती, पगार चालू होता. त्यांनी दुसऱ्या जाणकाराला विचारायचं होतं? त्या जाणकारालाच विचारत होत्या. मला. माझ्या बाजूने कोणी बोलू नये — मी ऐकणार नाही.

पैशांपुरतंच असतं तर कदाचित गप्पच राहिलो असतो. पण गेल्या महिन्यात शेलूबाजारला एका लग्नात शांताबाई भेटल्या. नातीला माझी ओळख करून दिली. "तुया आज्याले कसं फसवलं, थे या मास्तरनंच दाखोलं." नात हसली. मीही हसलो. हो, हसलो.

गेल्या रविवारी इंझोरीला गेलो. नामदेवरावांना बोलावून घेतलं आणि दोघांसमोर सांगितलं, "किसनरावांना कोणी फसवलं नव्हतं. माल भारीच होता. फसवलं मी. तुम्हाला."

नामदेवराव उठून उभे राहिले. शांताबाईंनी त्यांना हातानेच बसवलं. त्या भिंतीवरच्या किसनरावांच्या फोटोकडे वळल्या. "बारा वर्स," त्या म्हणाल्या. "बारा वर्स म्या गावभर त्या मानसाले येडं म्हनलं."

मी माफी मागितली नाही. ती देणं हे आणखी एक काम मी त्यांच्यावर टाकणार नव्हतो.

"भाऊजी, ऐकलं ना?" त्या म्हणाल्या. "आता घरोघरी जाऊन सांगा. म्या सांगतलं थे खोटं होतं. नातीले मी सांगतो."

मी पाकीट नामदेवरावांपुढे धरलं. "त्यायले कायले देता?" त्या म्हणाल्या. "मायं हाय थे. माया हातात द्या."

बेचाळीस हजारांतून आधी दिलेले पंधराशे वजा. दुरुस्ती वजा केली नाही. उरले साडेचाळीस हजार. त्यावर सात टक्क्यांनी चक्रवाढ, बारा वर्षं. एकूण एक्क्याण्णव हजार दोनशे चौदा रुपये शांताबाईंच्या हातात दिले. हजर तेच तिघं.