उपरण्याखालचा भाव

आमी सिरसाळ्याच्या बाजारातले जनावरांचे दलाल. बाजार उठला की लिंबाखाली चहा, आन् चहासंगं किस्से. पयले किस्से बैलांचे असायचे. आता दवाखान्याचे! एक संपंस्तोर दुसरा तयार. हे आमच्या दगडूचे ऐका.

*

दगडूची बायको गिरजा पोट धरून पडली. बीडला प्रायव्हेट दवाखान्यात नेली. मीबी संगं गेलतो. काउंटरवरची पोरगी मान वर न करता म्हणली, "आधी डिपॉझिट, मग स्ट्रेचर."

मी म्हणलं, "पोरी, बाजारात आमी बैलालाबी आधी पाणी दावतो, मग भाव करतो!"

"बाबा, नियम आहे."

*

योजनेचं कार्ड दाखवलं. खिडकीतला साहेब म्हणला, "हा आजार योजनेत बसत नाही."

मी म्हणलं, "वहिनीचंच चुकलं. पडायच्या आधी यादी वाचायला पायजे होती!"

आख्खी लाईन हासली. साहेब न्हाई हासला. हासणं योजनेत बसत नसंल.

*

आमच्यात भाव तोंडानं होत न्हाई. उपरण्याखाली हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. पटला न्हाई तर हात काढून घ्यायचा. सौदा मोडला. दगडूला दुसरी रीत ठाऊकच न्हाई. ऑपरेशनचा खर्च ऐकला आन् गड्यानं मॅनेजरच्या हातावर उपरणं टाकून बोटंच धरली!

मॅनेजर बोंबलला, "सिक्युरिटी!"

वॉचमन तलवाड्याचा, आमचा बाजार बघितलेला. पळत आला, बघितलं, म्हणला, "सर, मारत न्हाई ओ. भाव करतोय."

"इथं भाव होत नाही!"

"होतो की!" मी म्हणलं. "काल पुढाऱ्याच्या मेव्हण्याचं बिल निम्मं झालं, ते काय देवानं केलं? आमचा उपरण्याखाली होतो, तुमचा केबिनमधी. येवढाच फरक!"

*

मग दगडूनं हौशा बाजारात आणला. घरचा बैल, वहिनीनं वासराचा मोठा केलेला. दगडूच्या काखेत एक्स-रेची पिशवी तशीच. ती बघून आमच्यातल्याच एकानं निम्म्यावर बोट दाबलं.

मी खेकसलो, "पिशवी तरी लपवायची की रं!"

दगडू म्हणला, "कशाला? मीबी लोकायच्या पिशव्या बघूनच भाव पाडले."

हौशा निम्म्या भावातच गेला. त्या दिवशी चहा कुणालाच गेला न्हाई.

*

आमी परत दवाखान्यात आलो. नर्स कागद घेऊन खाटंपाशी उभी. राहिलेले पैसे भरा, अंगठा द्या, मग ऑपरेशन.

वहिनीनं इचारलं, "अवो, हौशा कुठंय?"

दगडू पिशवीतले कागद चाळाय लागला. म्या खिडकीकडं तोंड फिरवलं.

"तोंडानं नका सांगू. टाका उपरणं."

दलालाची बायको. बोटं तिलाबी कळत्यात. दगडूनं तिच्या हातावर उपरणं टाकलं. आधी हौशाचा भाव दाबला. मग दवाखान्याचा.

नर्स म्हणली, "आजी, लवकर करा, डॉक्टर थांबलेत."

वहिनीनं दगडूकडं बघितलं, आन् उपरण्याखालून हात काढून घेतला.