एकतीस जणांचा होकार

हसनभाई तसबीरवाले कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली शिरण्याआधी समोरची माणसं मोजत. मग चौकटीत येणाऱ्या प्रत्येकापुढे जाऊन विचारत, "तुमची तसबीर निघंल. चालंल न्हवं?" भोरच्या बाजारात वीस जण उभे असले तर वीस वेळा विचारणं. एक जण जरी नको म्हणाला, तर तिपाई उचलून दुसरीकडे. तोवर ऊन सरकायचं, निम्मी माणसं कंटाळून निघून जायची. मी चिडवायचो, "हसनभाई, तसबिरी काढता की लग्नं जुळवता?" ते म्हणायचे, "शेठ, रस्ता समद्यांचा हाय, पर तोंड ज्याचं त्याचं."

माझं किराणा दुकान त्यांच्या खोलीला लागून होतं. त्यांना लिहिता येत नसे. होकार देणाऱ्यांची नावं डावीकडून उजवीकडे, गावासकट, मी एका वहीत उतरवी. पुढे कोणी प्रत मागितली तर कोण कुठला ते कळावं म्हणून. वही माझ्याच दुकानात असे. माझ्या हातून नाव किंवा क्रम कधी चुकला नाही, याचा मला अभिमान होता.

एका उन्हाळ्यात जंगलात गुरं चारायला बंदी आली. पासलीची, हिर्डोशीची माणसं दाद मागायला पायी भोरला आली. सकाळपासून उन्हात बसली. कचेरीतल्या कागदावर मात्र 'चार इसम आले होते' एवढंच लिहिलं गेलं. तेव्हा पासलीचा कोंडिबा हसनभाईंकडे आला. "भाई, आमी चार हाय व्हय? तुमीच मोजा आन् तसबीर काढा. पुन्याच्या वर्तमानपत्राला धाडू."

हसनभाईंनी मोजले. एकतीस. एकतीस वेळा विचारलं, एकतीस होकार आले. कोंडिबा डावीकडून तिसरा होता. मी बाजूला उभा राहून खाली मान घालून नावं लिहीत होतो.

माणसं आपापल्या वाटेला लागली आणि मग फौजदार आला.

"भर बाजारात तसबीर काढायला परवानगी कुणाची घेतलीस?"

"ज्यांची काढली त्यांची, साहेब. एकतीस जनांची."

"आणि माझी?"

"तुमी चौकटीत नव्हता."

बाजार हसला. फौजदार हसला नाही. त्याने तसबीर उतरलेली काच मागितली. हसनभाई म्हणाले, "साहेब, बाजारात बघायला कुनाला बंदी न्हाई. माजा डबा बी नुस्ता बघतोच. पर त्यानं बघितलेलं तुमच्या हातात द्यायचं, तर त्या एकतीस जनांना पुन्यांदा इचारावं लागंल."

फौजदाराने हात पुढे केला. हसनभाईंनी काचेची पेटी आणली आणि त्याच्यासमोर उन्हात उघडली. न धुतलेल्या काचेला उजेड लागला की तिच्यावर काही उरत नाही. एकतीस माणसं आली होती, याचा पुरावाही तिच्याबरोबर गेला.

फौजदार माझ्याकडे वळला. "तू लिहीत होतास म्हणे. नावं आहेत?"

वही दुकानात पोत्यामागे होती. दिसत नव्हती. नाही म्हटलं असतं तर तो कदाचित गेला असता. मला खोटं बोलायची सवय नव्हती; यापलीकडे आजही मला कारण सांगता येत नाही. मी म्हणालो, "आहेत."

चार दिवसांत एकतीसच्या एकतीस उचलले गेले. क्रमाने, गावासकट. हसनभाईंचा कॅमेरा जप्त झाला. कोंडिबाला कोठडीत ताप भरला आणि तो तिथेच गेला.

हसनभाईंनी मला बोल लावला नाही. एकदाच म्हणाले, "तुमी काय करनार, शेठ? समद्यांना इचारायची खोड माजीच. न इचारता काढली असती, तर नावं कुठनं आली असती?" ते शांतपणे म्हणाले, म्हणून मला अधिकच लागलं.

भात लावून झाल्यावर आम्ही दोघं पासलीला गेलो. दोन दिवसांची चाल. कोंडिबाची आई ओट्यावर बसली होती. तिने विचारलं, "भाई, लेक सांगत व्हता, तसबीर काढली म्हनून. आनली का?"

"न्हाई, आई. म्याच घालवली ती."

तिने आमच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तर मंग कसा दिसत व्हता, तेवढं तरी सांगा."

हसनभाई तिच्यासमोर जमिनीवर बसले. "आई, डब्यातल्या काचंत समदं उलटं दिसतं. डोकं खाली, पाय वर. म्या तुमच्या लेकाला उलटाच बघितला. शेजारच्याच्या खांद्यावर हात व्हता. हसत व्हता, एवढं कळलं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आन् तुमी? तुमी तर सरळ बघितला असंल."

मी कोंडिबापासून चार पावलांवर होतो. मी त्याचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं, डावीकडून तिसरा हेही सांगितलं. ती तशीच बघत राहिली.

हसनभाई त्यानंतर दोन पावसाळे जगले. त्यांनी दुसरा कॅमेरा घेतला नाही. ती एकतीस नावं मला अजून क्रमाने पाठ आहेत. चेहरा एकाचाही आठवत नाही.