माल की बाल

तीस वर्षं तीनशे माग कानाशी धडधडत होते, तोवर उस्ता मितवल्लींना आपल्याला कमी ऐकू येतं याचा पत्ताच नव्हता. गिरणीने साचाखातं, म्हणजे मागांचं खातं, बंद केलं, माग गप्प झाले, आणि मग घरात बायकोला त्यांना दोनदा, तीनदा हाक मारावी लागते हे उघडं पडलं. आमच्या महल्ला या गिरणीच्या शहरात यात लाजण्यासारखं काही नाही. मागावरचा माणूस कानांनी ऐकतच नाही. तो ओठ वाचतो. सहा माग सोडून उभा असलेला गडी चहा मागतोय की बाण्याचा धागा तुटला म्हणतोय, हे त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखायचं. आणि शब्द फसवा असला, तर सांगणाऱ्याने हाताने खूण करायची. नवा माणूस सहा महिन्यांत हे शिकला नाही, तर जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, त्याला सरळ गोदामात पाठवायचा.

मितवल्ली स्वतः जॉबर होते. म्हणून तर 'उस्ता', म्हणजे उस्ताद. चौदाव्या वर्षी खेड्यातून आलेला पोरगा, धोटे पुसता पुसता अठ्ठेचाळीस मागांचा धनी झाला. माग बिघडला की ते त्याच्यावर तळहात ठेवून उभे राहायचे आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचे.

मग तो कागद आला. 'मुदतपूर्व निवृत्ती'! नाव काय गोड! हाकलतोय म्हणायची लाज वाटली की साहेबलोकांना असली नावं सुचतात. खाली छापलं होतं, 'मी माझ्या मर्जीने अर्ज करत आहे.' उस्तांनी कारकुनाला विचारलं, "मर्जी कुणाची म्हणालात?" कारकून बिचारा मान खाली घालून म्हणाला, "इथे सही करा, उस्ता." सगळ्यांनी केली, त्यांनीही केली. एकरकमी पैसे मिळाले, ते त्यांनी त्याच दिवशी पोस्टात ठेवले.

आणि काय सांगू, त्या दिवसापासून आख्ख्या गल्लीला उस्तांचा पुळका आला! ज्या कॅफेवाल्याने तीस वर्षांत साखरेचा चमचा जास्त घातला नाही, तो चहाचे पैसे घेईना. त्याला शेजारचा गाळा घ्यायचा होता आणि भागीदार हवा होता. फौजी नावाचा मेहुणा रोज संध्याकाळी मायक्रोबस घेऊन यायचा. म्हणजे तोंडातून. "दाजी, निम्मी तुमची, निम्मी माझी. तुम्ही फक्त पैसे घाला, बाकी मी बघतो." वरच्या मजल्यावरच्या बाईने कोंबड्यांची योजना आणली. कसे आहात, हे एकानेही विचारलं नाही. उस्तांना माणसांच्या तोंडाकडे पाहणंच नकोसं झालं. पाहिलं की ओठांवर एकच शब्द दिसायचा, 'माल', म्हणजे पैसा.

घरात ते चांगल्या चाललेल्या वस्तू खोलून बसायचे. पंखा, मिक्सर, नळ. त्यांची बायको इन्शिराह शहाणी बाई. ती सकाळी उठून शिलाई मशीनचा एखादा स्क्रू हळूच सैल करून ठेवायची आणि म्हणायची, "अहो, हे बघा ना, पुन्हा कुरकुरतंय मेलं." उस्ता तासभर खपायचे. तिला ठाऊक होतं, आणि मला वाटतं त्यांनाही ठाऊक होतं. पण दोघांपैकी कुणी त्यावर बोललं नाही.

अशात नज्लाला स्थळ आलं. नज्ला त्यांची एकुलती एक, दवाखान्यात नोकरीला, सव्वीस वर्षांची. एक लग्न ठरून मोडलेलं, तेव्हापासून घरात तो विषय कुणी काढत नसे. हा मुलगा रिफअत, तांता शहरातला, रेल्वेत सिग्नलचा वायरमन. नज्लाने बापाच्या समोर उभं राहून, त्यांना ओठ नीट दिसतील असं सावकाश सांगितलं, "बाबा, हा मला हवाय." त्या पोरीने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. उस्ता म्हणाले, "मग होईल."

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर पाहुणे आले. रिफअत, त्याची आई बदरिया आणि मामा. वडील वारलेले. इन्शिराहने दारातच तोंड भरून स्वागत केलं, "या, या, घरात उजेड आला!" बदरियाबाईंनी नुसतं हसून डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि जाऊन कोचावर बसल्या. इन्शिराहने दोनदा प्रवासाची चौकशी केली, एकदाही उत्तर नाही. ती स्वयंपाकघरात येऊन नज्लाच्या कानाशी फणफणली, "काय तोरा गं बाईचा! मी काय मोलकरीण आहे का?"

"आई, हळू."

"हळू काय? बाबा तर ऐकतच नाहीत, आणि ती ऐकून उत्तर देत नाही!"

बाहेर रव्याची गोड बसबूसा संपत आली आणि बोलणी सुरू झाली. घर मुलाने घ्यायचं, सोनं मुलाने घालायचं, स्वयंपाकघर मुलीकडच्यांनी भरायचं, इथपर्यंत सुरळीत. मग मामाने मिशीवरून बोट फिरवून म्हटलं, "फ्रिजचं काय ते बघा. आता तुमच्याकडे अल्लाच्या कृपेने हातात रक्कम आहे, असं ऐकलं."

उस्तांचा चेहरा उतरला. तांत्यापर्यंत पोचली होती रक्कम! त्यांनी नजर वळवली, ती नेमकी रिफअतवर गेली. रिफअत आईकडे वळून बोलत होता. आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते. आणि उस्तांनी वाचलं. वाचायचं नव्हतं, पण तीस वर्षांची सवय, डोळे थोडेच ऐकतात! 'खुदी मालिक मिन्नो.' तुझा माल काढून घे त्याच्याकडून.

"चला तर," मामा म्हणाला, "फातिहा वाचून घेऊ."

सगळ्यांनी तळवे उघडून समोर धरले. कुराणातली फातिहा वाचली की लग्नाचा शब्द पक्का. उस्तांचे हात गुडघ्यांवरून हलले नाहीत.

"नाही," ते म्हणाले. साचाखात्यातला आवाज, भिंतीवरचं घड्याळसुद्धा हादरलं असेल.

नज्ला शरबताचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. इन्शिराह धावत पुढे झाली. "अहो, काय करताय? अबू नज्ला, पोरीचे बाप ना तुम्ही!"

"माझी मुलगी द्यायची आहे, पोस्टातलं पुस्तक नाही. ज्याला माल हवाय त्याने पोस्टाच्या खिडकीवर रांग लावावी."

रिफअत गोरामोरा झाला. "काका, मी माल कधी म्हणालो?"

"माझ्या डोळ्यांनी वाचलं मी. आत्ता. आईला म्हणालास."

मामा उठून टोपी शोधू लागला. नज्ला ट्रे धरून दारातच होती. ती बापाकडे पाहत होती, आणि तिच्या ओठांवर काहीच नव्हतं. एक शब्दसुद्धा नाही. उस्तांना ते वाचवेना.

तेवढ्यात बदरियाबाई उठल्या. दारातून आल्यापासून त्या प्रथमच बोलल्या, आणि सपाट, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात बोलल्या, जसं आमच्याकडे अर्धं गाव बोलतं.

"उस्ता, कुठलं खातं तुमचं?"

"साचाखातं."

"मी वाइंडिंगला, सूत गुंडाळायला. कफर-अद-दव्वारच्या गिरणीत, अठरा वर्षं. तुम्ही म पाहिलात. ओठांवर म कसा दिसतो?"

उस्तांनी रिफअतच्या ओठांकडे पाहिलं.

"बोला की! म कसा दिसतो?"

"ब सारखा," उस्ता पुटपुटले.

"मग तुम्ही हात का नाही पाहिला? पहिल्या दिवशी शिकवतात हे. माल म्हणायचं तर हात खिशावर जातो, बाल म्हणायचं तर कपाळावर." बाईंनी आपला हात कपाळाला लावला. "माझा मुलगा घरात माझ्याशी ओठांनी बोलायला शिकला, खात्यात नाही. त्याला हात ठाऊक नाहीत. पण तुम्ही उस्ता ना? शंका आली तर मागावर विचारत नव्हता का तुम्ही?"

'खुदी बालिक मिन्नो.' बाल म्हणजे ध्यान. त्याच्याकडे ध्यान दे, त्याला जप. त्याला सांभाळून घे.

"मामाने फ्रिज काढला आणि तुमचा चेहरा पडला," रिफअत हळूच म्हणाला, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो उस्तांसमोर येऊन पुन्हा म्हणाला. "म्हणून आईला म्हटलं. फ्रिज राहू दे हो काका. आम्ही गच्चीवर माठ ठेवू."

"चूप, माझी मुलगी माठातलं पिणार नाही," इन्शिराह म्हणाली, रडत आणि हसत. मग बदरियाबाईंच्या समोर जाऊन तिने त्यांचे दोन्ही हात धरले. "बाई गं, तुम्हाला ऐकू येत नाही, हे आधी सांगायचं नाही का?"

"बहिऱ्या सासूच्या घरात कोण मुलगी देतो? रिफअतला मी शपथ घातली होती."

"आणि आमच्या घरात दुसरं काय आहे? बघा ना यांच्याकडे!"

मामाने डोक्यावर चढवलेली टोपी पुन्हा काढली. उस्ता मात्र खुर्चीत तसेच बसून होते. लाज वाटत होती त्यांना, फार लाज. पोरीचं लग्न त्यांनी एका अक्षरासाठी मोडलं असतं. रिफअतची माफी मागावी असं मनात होतं.

मग त्यांना दिसलं की कोचावरून बदरियाबाई त्यांच्याकडे पाहून बोलत आहेत. बिनआवाजाने. खोलीतल्या दुसऱ्या कुणाला पत्ता नाही.

'गिरणी सुटून किती दिवस झाले?'

उस्तांचे ओठ हलले. 'त्रेचाळीस.'

'जाग येते?'

'पहाटे. पाळीच्या वेळेला.'

'मला वर्षभर यायची. उठून चपला घालून दारापर्यंत जायचे.'

'मग?'

'मग कमी झालं. संपलं नाही. कमी झालं.' आणि त्यांनी हात कपाळावर ठेवला. बाल. जपा स्वतःला.

"काय म्हणतायत त्या?" इन्शिराहने विचारलं. तिला नुसतं दिसत होतं की नवऱ्याचे डोळे भरलेत.

"विचारतायत, मी कसा आहे."

"मग सांगा ना त्यांना."

उस्तांनी बायकोकडे पाहिलं. मशीनचे स्क्रू सैल करणारी ती बाई समोर उभी होती, नज्ला तिच्यामागे, रिफअत अजून अवघडलेला. आणि उस्ता आवाजात बोलले, नेहमीपेक्षा कितीतरी हळू.

"मी बरा नाही, इन्शिराह. मला काढून टाकलं गं."

ती त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि तिने त्यांचं डोकं आपल्या कुशीला लावून धरलं, पाहुण्यांच्या देखत. मामाने खिडकीबाहेर पाहिलं. नज्लाने ट्रे खाली ठेवला. मग उस्तांनी तोंड पुसलं, रिफअतला जवळ बोलावून शेजारी बसवलं, आणि सगळ्यांच्या आधी आपले तळवे उघडले.