इंजिन बंद करून भरलेली हवा

बस डेपोच्या टायर विभागात उभा जन्म घालवलेल्या त्या बाईंना सगळे हवाबाई म्हणत. निवृत्तीनंतरही नाव सुटलं नाही, कारण गल्लीत कुणाचंही चाक बसलं की त्या आपली जुनी मोटार घेऊन हजर. बॉनेट उघडून हवेच्या पंपाचे दोन चिमटे थेट बॅटरीला लावायच्या. गाडीतल्या लायटरच्या सॉकेटवर एवढा मोठा पंप चालवला तर फ्यूज उडणारच, असं ठणकावून सांगायच्या. आणि हवा भरताना इंजिन चालूच हवं, नाहीतर पंप बॅटरी पिऊन टाकतो. हे तर त्यांनी अख्ख्या गल्लीकडून घोकून घेतलं होतं.

त्या दिवशी मुलगा आला तो मोटार विकायचंच ठरवून.

"आई, सत्तरी उलटली. आता किल्ली दे."

"आधी माझ्याबरोबर चक्कर मार. एक चूक दाखव, किल्ली तुझी."

बाईंनी गाडी झोकात चालवली. पण टेकडीच्या चढावर मागचं चाक बसलं. मुलगा गालात हसला, त्याचा बाईंना भारी राग आला. त्यांनी चिमटे लावले आणि इंजिन बंद केलं.

"अगं, तुझाच नियम ना?"

"गप्प बस. हवा कुठून जाते ते ऐकू दे."

थोडी हवा भरायची, पंप थांबवायचा, चाकाला कान लावायचा, पुन्हा भरायची. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी पंप कण्हत कण्हत थांबला. किल्ली फिरवली तर इंजिन नुसतं टकटक करून गप्प.

"आई, त्या बाजूला खिळा घुसलाय," मुलगा हळूच म्हणाला. "मला इथे उभ्या उभ्या आवाज येतोय."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. पण रडत बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. चिमटे काढून त्या स्टिअरिंगमागे बसल्या, मुलाला गाडी उताराकडे वळवायला लावली.

"ढकल."

गाडीने वेग धरताच त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. एक हिसका, आणि इंजिन सुरू. मग ते चालू ठेवूनच चाकात घरापुरती हवा भरली. खिळा होता तिथेच राहू दिला.

मुलगा शेजारी येऊन बसला. किल्लीचा विषय बाईंनीच काढला.

"चूक झाली. पूर्वी इंजिन चालू असतानाही मला गळती ऐकू यायची. आता नाही येत. बरेच दिवस झाले. कुणाला सांगितलं नाही, तुला तर नाहीच."

"उद्या कान दाखवून येऊ," मुलगा म्हणाला.

"येऊ. गाडी मीच चालवणार."

"बरं."

बाईंनी गिअर टाकला, आरशात पाहिलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "मागून कुणी हॉर्न दिला तर तेवढं सांग."