उपाशी वेलींचा आकडा

समजा, तुम्ही द्राक्षबागेत उभे आहात. एक पान उलटायचं, पांढरी बुरशी किती पसरली ते नजरेनं ठरवायचं आणि वहीत टक्के लिहायचे. अशी चारशे पानं. मान आखडते, पण जमतं. आता खुर्चीत बसा आणि त्या आकड्यांनाच विचारा, औषध लागू पडलं की नाही?

साधना गायधनींचं घोडं इथंच अडायचं. नाशिकच्या एका संशोधन केंद्रात त्या वनस्पतिरोगांच्या शास्त्रज्ञ होत्या. पानामागं अशी पांढरी बुरशी आणणाऱ्या केवडा रोगावर डॉक्टरेट. पान लांबून बघून रोग सांगायच्या. संख्याशास्त्र मात्र त्यांनी पाठांतरावर काढलं होतं, आणि ते कुणाला सांगायची लाज वाटायची.

२००२ साली निफाडजवळ कारभारीआण्णांच्या बागेत त्यांनी एका नव्या औषधाची चाचणी लावली. बागेचे चार तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यात काही वेलींना ते औषध, आणि तुलनेसाठी काहींना काहीच नाही. या दुसऱ्या वेलींना आण्णा 'उपाशी' म्हणायचे.

"मॅडम, एका लेकीला जेवू घालायचं अन् दुसरीला ताटावरनं उठवायचं, हे कोणत्या पुस्तकात लिवलंय?"

"आण्णा, हात लावायचा नाही हं त्यांना."

"नाय लावत. तुमची आण."

आकडे आले. औषधाच्या वेलींवर चारही तुकड्यांत रोग दहा ते चौदा टक्के. उपाशी वेलींवर बारा, पंधरा, एकाहत्तर, चौदा. साधनाबाईंनी ते सूत्रात घातले. उत्तर आलं, फरक सिद्ध होत नाही. सिद्ध होत नाही म्हणजे फरकच नाही, असं त्यांनी धरलं. शेजारच्या खोलीत संख्याशास्त्राचे निवृत्ती सर बसत. त्या दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. अहवालात लिहिलं: औषधाचा उपयोग नाही.

पुढच्या हंगामात आण्णांचा पुतण्या जयराम यानं तेच औषध आणलं होतं. मॅडमनी नको म्हटल्यावर त्यानं डबे परत केले. दुसरं औषध यायच्या आतच, त्याची बाग फुलोऱ्यात असताना, चार दिवस पाऊस लागला. आठवड्यात घड तपकिरी पडून गळाले.

साधनाबाई पोचल्या तेव्हा जयराम अकरा वर्षांच्या वेली बुंध्यापासून तोडत होता. कुऱ्हाड न थांबवता म्हणाला, "तुमीच सांगितलं व्हतं ना, मॅडम?"

बांधावर बसलेले आण्णा खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, चूक माझी हाय. तुमची जीप वळली की मी माझं नेहमीचं औषध उपाशी वेलींना मारायचो. बघवायचं नाय. वढ्याकडचा तुकडा तेवढा ऱ्हायला. तिथवर पाइप पोचत नव्हता."

एकाहत्तर टक्के. ओढ्याकडचा तुकडा. चारांत तेवढाच खरा उपाशी राहिलेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निवृत्ती सरांचं दार ठोठावलं. जुनी वही पुढं ठेवली. सरांनी आकडे पाहिले, चष्मा काढला आणि वही परत त्यांच्याकडे सरकवली. पुढं २००८ मध्ये निवृत्त झाल्यावर साधनाबाईंनी पहिल्या वर्षाचं संख्याशास्त्राचं पुस्तक विकत आणलं. जो भेटेल त्या जाणकाराला त्या अजून एकच विचारतात:

"चारांतला एकच आकडा खरा असेल, तर तो कोणता हे ओळखायचं कसं?"