हलकं युरेनियम आणि वांग्याचं बी

लढाई संपली त्या वर्षी मी अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात होतो. पुढं नागपूरला जाऊन पदार्थविज्ञान शिकायचं मी ठरवून टाकलं होतं. मात्र शेवटचा शब्द आईचा. गावाबाहेरच्या आमच्या भाजीच्या मळ्यात विहिरीपासून बाजारापर्यंत तिचंच राज्य होतं आणि वडील त्या राज्यात सुखी होते. मीही होतो, खोटं कशाला बोलू.

अडलं ते अणुबाँबवर. बाजारात कुणीतरी तिला पेपर वाचून दाखवला. एका बाँबनं अख्खं शहर जळालं आणि तो करणारे माझ्यासारखीच विद्या शिकलेले होते, एवढं तिनं ऐकलं. घरी येताच फर्मान निघालं, "नागपूर-बिगपूर काई नाई. लोकायचे लेकरं जाळायची इद्या मले घरात नको."

मी दोन दिवस फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी ती वांग्याचं बी काढत होती. पिकून पिवळी पडलेली वांगी घमेल्यात कुस्करायची आणि वरून पाणी ओतायचं. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. ते ओतून द्यायचं. मला वाटलं, हिला समजावायला याहून चांगला मोका नाही. शेजारी बसून मी वर्गात ऐकलेलं सगळं सांगून टाकलं. युरेनियमचे मुख्य दोन प्रकार, एक जड आणि एक किंचित हलका. हलका हजारात जेमतेम सात, आणि बाँबला हवा तोच. रासायनिक गुणधर्म दोघांचे सारखेच, म्हणून वेगळे करणं महाकठीण. त्याचा वायू करून बारीक छिद्रांच्या पडद्यातून सोडतात. हलका जरासा लवकर निसटतो. हेच हजारो वेळा केलं की बाँबपुरता माल जमतो.

"मंजे जड टाकून हलकंच निवडून राहिले ते?"

"हो माय. मोठमोठे कारखाने, हजारो माणसं, रात्रंदिवस तेच काम."

आईचा हात पाण्यातच थांबला. "मले वाटलं, सरकी काढाच्या जिनातल्या कापसासारखं चुकून पेटलं असन. हे त निवडून निवडून केलं त्यायनं."

मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. पण त्याहून वाईट म्हणजे तिचं खरं होतं. त्या पडद्यांच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की खाली जळालेल्या शहराकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

"उद्या तुले असं निवडाले बसवलं," ती म्हणाली, "त बसशीन का?"

"नाई." नागपूर हातचं गेलं असं धरूनच मी बोललो होतो.

तिनं घमेलं तिरपं करून वर तरंगणारं पोचट बी ओतून दिलं.

"मंग जाय नागपूरले," ती म्हणाली. "नाई म्हननारा कोनीतरी तिथं पायजे."